ढगाचं वजन

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २०१५ साली एक प्रदर्शन भरलं होतं. चैन कशाला म्हणायचं, हा त्याचा विषय. तिथे तीन काळपट फुलदाण्या मांडल्या होत्या. घाट चीनच्या मिंग राजवटीतल्या भांड्यांचा. एक लहान, एक मध्यम, एक मोठी. एखाद्या जुन्या घराण्याच्या ठेव्यातून आल्या असाव्यात, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्या घडवणाऱ्या कलावंताला मास्क आणि हातमोजे घालून काम करावं लागलं होतं, कारण हाताखालची माती विषारी होती आणि किरणोत्सारीही. ती आणली होती चीनच्या उत्तरेकडच्या इनर मंगोलिया या स्वायत्त प्रदेशातून, बाओतोउ शहराजवळच्या एका तळ्याच्या काठावरून.

हे तळं म्हणजे कारखान्यांनी सोडलेला काळा गाळ साठत गेलेला प्रचंड हौद आहे. बाओतोउच्या उत्तरेला बायान ओबो ही खाण आहे. आपल्या फोनमध्ये, संगणकात, पवनचक्कीत आणि विजेवरच्या गाडीत जी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं लागतात, त्यांचा जगातला सर्वांत मोठा साठा या खाणीत आहे. नावात दुर्मिळ असलं तरी ही मूलद्रव्यं तशी दुर्मिळ नाहीत. ती विखुरलेली आहेत. मूठभर धातूसाठी ढीगभर दगड फोडावा लागतो, दळावा लागतो, तीव्र आम्लात तापवावा लागतो. मग हाती येतं निओडिमियम, ज्याचा इवलासा चुंबक फोनच्या स्पीकरला आवाज देतो आणि खिशात फोन थरथरवतो. हाती येतं सेरियम, ज्याच्या भुकटीने काच घासून गुळगुळीत करतात. उरलेलं सगळं, त्या दगडात मुळातच असलेल्या किरणोत्सारी थोरियमसकट, पाइपातून तळ्यात जातं.

लियाम यंग आणि केट डेव्हिस हे दोघे वास्तुरचनाकार ‘अननोन फील्ड्स’ नावाचा फिरता स्टुडिओ चालवत. सोबत विद्यार्थी, छायाचित्रकार, लेखक घ्यायचे आणि एखाद्या वस्तूचा माग काढत जायचं, अशी त्यांची पद्धत. या वेळी त्यांनी उलटा प्रवास केला. दुकानात येणारा माल ज्या कंटेनर जहाजांतून येतो ती जहाजं, ती भरणारी बंदरं, घाऊक बाजार, कारखाने, असं एकेक पाऊल मागे टाकत ते त्या तळ्यापर्यंत पोचले. तिथला गाळ त्यांनी सोबत आणला. लंडनमध्ये त्याच्या तीन फुलदाण्या केल्या आणि प्रत्येकीचं माप आधीच ठरवलं. एक स्मार्टफोन बनवताना जेवढा विषारी गाळ मागे उरतो, तेवढ्या गाळाची लहान फुलदाणी. लॅपटॉपची मधली. विजेवरच्या गाडीच्या बॅटरीतल्या एका सेलची मोठी.

‘रेअर अर्थनवेअर’ नावाच्या या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे माप. प्रदूषणाबद्दल आपण इतकं ऐकलेलं असतं की कान बधिर झालेले असतात. इथे कुणी भाषण करत नाही. तुमच्या खिशात जे आहे त्याची सावली किती मोठी, एवढंच समोर ठेवलेलं आहे, आणि तेही मिंगच्या घाटात. एके काळी जगभरच्या श्रीमंतांनी चीनकडून मागवलेली चैनीची वस्तू म्हणजे चिनी मातीची फुलदाणी. आज जग चीनकडून जे मागवतं, त्यासाठीही चीनचीच माती खणली जाते.

फोनमधला फोटो ‘क्लाउडवर गेला’ असं आपण आता सहज म्हणतो. ढग हा शब्द आपल्या भाषेत पाण्याने जड झालेला आहे. आषाढातला ढग ओथंबून येतो, खाली उतरतो, शेतकरी त्याच्या रंगावरून वजन ओळखतो. संगणकाच्या व्यवहारात मात्र त्या शब्दाचा अर्थ नेमका उलटा झाला: जे कुठेच नाही आणि ज्याला वजन नाही ते. हा ढग आपल्याकडे कुठे उतरला आहे ते पाहायचं असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे असं जावं. जिथे एके काळी रसायनांचे कारखाने भरभराटीत होते, त्या पट्ट्यात आता खिडक्या नसलेल्या उंच पेटीसारख्या इमारती उभ्या राहत आहेत. देशातल्या डेटा सेंटरचा सर्वांत मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईतच आहे. कारण साधं आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबली वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात. कोळीवाड्याच्या शेजारी, वाळूखालून, जगाशी आपलं बोलणं शहरात शिरतं.

अशा इमारतींच्या आत सहजासहजी कुणाला जाता येत नाही. आयरिश कलावंत जॉन जेरार्ड यांनी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या प्रायर क्रीकच्या गूगल डेटा सेंटरचं छायाचित्रण करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग त्यांनी हेलिकॉप्टर भाड्याने घेतलं, आकाशातून त्या जागेची बारकाईने छायाचित्रं घेतली आणि त्यांवरून संगणकात ती इमारत हुबेहूब उभी केली. ‘फार्म’ हे २०१५ सालचं काम म्हणजे त्या इमारतीभोवती संथपणे फिरणारी एक आभासी नजर आहे. दिसतं काय? पत्र्याच्या भिंती, शीतकरणाचे मनोरे, जनित्रं. कोंबड्यांचं किंवा डुकरांचं औद्योगिक पालनकेंद्र असावं तसं. जगाची स्मृती जिथे ठेवली आहे ती जागा इतकी गोठ्यासारखी असेल, हे त्या चित्राने पहिल्यांदा नीट दाखवलं.

आपल्या गल्लीत मात्र एक माणूस असा आहे ज्याला डिजिटल जगाला वजन असतं हे कधी सांगावं लागलं नाही. तो भंगारवाला. जुना संगणक, बंद पडलेला फोन, चार्जरच्या वायरींचं जाळं, सगळं तो काट्यावर टाकतो. यंत्रात काय साठवलं होतं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तांबं किती, प्लास्टिक किती, बोर्डाला सोन्याचा मुलामा किती, हे तो पाहतो. मुंबईत कुर्ला आणि साकीनाक्याच्या वखारींत, दिल्लीत सीलमपूरला, उत्तर प्रदेशात मुरादाबादला हे काम हाताने चालत आलं आहे. तांब्यासाठी वायरी जाळायच्या, सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवायचे. धूर आणि आम्ल ज्यांच्या अंगात जातं, त्यांच्या मजुरीत याची भरपाई नसते. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. त्यातला जेमतेम २२ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्याचं पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. ई-कचरा निर्माण करणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिकेनंतर आपलाच क्रमांक लागतो.

या कचऱ्यावर काम करणारे कलावंत पुष्कळ आहेत, आणि त्यातलं बरंचसं काम मला फारसं भिडत नाही. कीबोर्डच्या कळा चिकटवून हत्ती केला, सीडींचा मोर केला, तर पाहणाऱ्याला गंमत वाटते आणि कचऱ्याबद्दलची टोचणी उलट कमी होते. त्याहून वेगळं काही करणाऱ्या दोन जोड्यांची कामं सांगण्यासारखी आहेत. रेविताल कोहेन आणि टूर व्हान बालेन यांनी २०१४ साली दिवाळखोरीत निघालेल्या एका कारखान्यातली यंत्रं, अवजारं आणि संगणक मिळवले. त्यांतलं सोनं, तांबं, टँटलम, ॲल्युमिनियम काढलं, धार लावायच्या दगडासोबत एकत्र केलं आणि त्याचा पुन्हा दगड बनवला. म्हणजे खाणीतून कारखान्यात आणि कारखान्यातून पुन्हा खनिज. तो ओबडधोबड गोळा पाहताना जाणवतं की धातू काढून घेणं माणसाला जमतं. पण तो ज्या कोट्यवधी वर्षांत साचला, ती वर्षं परत घालता येत नाहीत.

दुसरी जोडी आंद्रेआ त्रिमार्की आणि सिमोने फारेझिन या इटालियन डिझायनरांची. त्यांच्या स्टुडिओचं नाव ‘फॉर्माफँटास्मा’. ‘ओर स्ट्रीम्स’ या प्रकल्पासाठी, २०१७ पासून पुढे, ते ई-कचरा सोडवणाऱ्या लोकांशी बोलत राहिले. फोनचे सांगाडे आणि संगणकाच्या पेट्या वापरून त्यांनी ऑफिसचं फर्निचर केलं, ते प्रदर्शनात दिमाखात उभं राहिलं. पण खरा ऐवज त्या बोलण्यात आहे. वायरींवरचं रबर काळं असतं, आणि कचरा वेगळा करणाऱ्या यंत्राच्या प्रकाशीय डोळ्याला काळी वायर ओळखता येत नाही. केवळ रंगामुळे तांबं हातचं जातं! मग वायरी काळ्या करू नका, यंत्रातल्या घातक भागांना ठरलेले रंग द्या, गोंदाने चिकटवण्याऐवजी उघडता येतील असे जोड ठेवा, अशा सूचना त्यांनी मांडल्या. कलावंताची नजर इतकी जमिनीवर उतरली की ती कारागिराच्या कामी येते.

वस्तूचं वजन करणं तुलनेने सोपं. ती यंत्रं चालतात त्या विजेचं काय? ते दाखवण्याचा ध्यास घेतला तो बार्सिलोनाच्या जोआना मोल यांनी. त्यांची हत्यारं म्हणजे साधी वेबपानं. ‘सीओटूगल’ या त्यांच्या कामात पांढऱ्या पानावर एकच वाक्य असतं आणि त्यातला आकडा वाढत जातो: तुम्ही हे पान उघडल्यापासून गूगलच्या मुखपृष्ठाला जगभरातून मिळालेल्या भेटींमुळे किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. त्यांचा हिशेब असा की त्या पानाला सेकंदाला सुमारे ४७,००० विनंत्या येतात आणि सेकंदाला ५०० किलो उत्सर्जन होतं. पुढच्या कामात त्यांनी हेच झाडांत मांडलं: एवढं उत्सर्जन शोषायला दर सेकंदाला २३ झाडं लागतील, आणि पडदा झाडांच्या छोट्या चित्रांनी भरत जातो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण काट्याचीही तपासणी करावी लागते. मोल यांचा आकडा भागून पाहिला तर एका भेटीला दहा ग्रॅमच्या आसपास उत्सर्जन येतं. खुद्द गूगलने २००९ साली जाहीर केलं होतं की एका शोधाला ०.२ ग्रॅम उत्सर्जन होतं. पन्नासपट तफावत! यातला खर्च कुठवर धरायचा, फक्त डेटा सेंटरचा की वाटेतल्या केबली, मनोरे आणि आपल्या हातातलं यंत्रही, यावर आकडा कितीही पटीने हलतो. बाजारात तराजूची दोन्ही पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला पासंग बांधतात. अशा अंदाजांत कुठे ना कुठे पासंग असतोच. म्हणून कलावंताचा आकडा शास्त्रज्ञाच्या मोजमापाऐवजी वापरू नये. पण मोल यांचं म्हणणं आकड्यापुरतं नाही. पान उघडून नुसतं बसलात तरी तो आकडा पळत राहतो. तुमचं बसणंसुद्धा त्या हिशेबात धरलेलं आहे, हे त्यात अंगावर येतं.

माझ्या मते त्यांचं सर्वांत भक्कम काम २०१९ सालचं, आणि त्यात अंदाजापेक्षा मोजणी जास्त आहे. त्यांनी ॲमेझॉनच्या संकेतस्थळावरून ॲमेझॉनच्याच संस्थापकावरचं, यशाचे धडे सांगणारं एक पुस्तक विकत घेतलं. या एका खरेदीत त्यांना १२ वेगवेगळ्या पानांतून जावं लागलं. त्या प्रवासात त्यांच्या संगणकात न विचारता उतरलेला सगळा संगणकीय मजकूर त्यांनी जमवला. तो छापला तर ए-फोर आकाराची ८,७२४ पानं भरतात, आकार ८७.३३ मेगाबाइट. यातला मोठा भाग ग्राहकावर पाळत ठेवण्यासाठी आणि त्याने अजून काही घ्यावं यासाठी आहे. आणि तो चालतो ग्राहकाच्या यंत्रावर, ग्राहकाच्या विजेवर. पर्यावरणाचा प्रश्न आणि खासगीपणाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मी बराच काळ समजत होतो. या कामाने तो समज मोडला. जी गोष्ट तुम्ही मागितली नाही, तीच वाहून आणण्यात वीज जाते.

आपल्या घरगुती सवयींतही हे दिसतं. सकाळचे सुप्रभातचे संदेश, त्यावर उमललेलं कमळ, एकाच लग्नाचे चार नातेवाइकांनी पाठवलेले तेच फोटो. भारतात इतक्या लोकांचे फोन भरून अडकतात कसे, याचा शोध घेताना काही वर्षांपूर्वी गूगलच्या अभियंत्यांनाही ही सुप्रभातची चित्रंच मोठ्या संख्येने सापडली होती. त्या संदेशांमागची माया खरी असते. म्हणून तर हा प्रश्न अवघड आहे.

आता ज्या घटनेने कलावंतांना स्वतःचंच काम काट्यावर टाकायला लावलं, ती सविस्तर सांगतो.

जोआनी लेमर्सिए हे फ्रेंच कलावंत प्रकाशाने काम करतात. प्रोजेक्टरमधून भूमितीच्या आकृत्या भिंतींवर, डोंगरांवर, पाण्याच्या तुषारांवर उतरवायच्या, ही त्यांची खासियत. पश्चिम जर्मनीतल्या हाम्बाखच्या कोळशाच्या खाणीकडे ते वळले, तिथून त्यांच्या कामाची दिशा बदलली. तिथे जमिनीचं साल सोलून लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा, काढतात. त्यासाठीची फिरत्या चाकाची यंत्रं जवळजवळ शंभर मीटर उंच आणि सव्वादोनशे मीटर लांब असतात. या खाणीने एका प्राचीन अरण्याचा बहुतेक भाग गिळला आणि उरलेल्या तुकड्यासाठी कार्यकर्ते झाडांवर घरं बांधून राहिले. लेमर्सिए त्या आंदोलनात उतरले. प्रोजेक्टर घेऊन उतरले, चित्रीकरण करत राहिले. सोबतच त्यांनी स्वतःच्या स्टुडिओच्या विजेचा हिशेब ठेवायला सुरुवात केली आणि दर वर्षी वापर दहा टक्क्यांनी खाली आणायचं ठरवलं.

मग क्रिप्टोकलेची लाट आली. डिजिटल चित्राची हवी तितकी नक्कल होऊ शकते, त्यामुळे त्याला ‘मूळ प्रत’ नसते आणि बाजारात किंमतही नसते. एनएफटी नावाच्या नोंदीने ही अडचण सोडवली: अमुक चित्राचा मालक अमुक, अशी नोंद सर्वांना दिसणाऱ्या आणि कुणाला खोडता न येणाऱ्या सामायिक खतावणीत करायची. आयुष्यभर फुकट काम वाटत आलेल्या डिजिटल चित्रकारांना पहिल्यांदाच चित्र विकता येऊ लागलं. मार्च २०२१ मध्ये बीपल या चित्रकाराचं एक डिजिटल चित्र क्रिस्टीजच्या लिलावात ६.९ कोटी डॉलरच्या वर गेलं. या बाजाराची ओढ किती जबर होती ते यावरून कळेल, आणि त्या चित्रकारांना दोष देणं मला कधी जमलं नाही.

त्याआधी महिनाभर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, लेमर्सिए यांनीही सहा लहान चलचित्रं अशी विकायला काढली. दहा सेकंदांत सगळी गेली. त्यांना उत्सुकता होती ती विजेच्या आकड्याची, आणि विक्री करणाऱ्या मंचाकडून ती माहिती सहज मिळाली नाही. शेवटी हाती आलेला अंदाज होता ८.७ मेगावॉट-तास. आपल्या वीजबिलाच्या भाषेत ८,७०० युनिट. त्यांच्या अख्ख्या स्टुडिओने दोन वर्षांत जेवढी वीज वापरली होती, तेवढी त्या दहा सेकंदांच्या विक्रीने खाल्ली. पुढे खरेदीदारांनी ती चित्रं आपापसांत विकली तेव्हा पुन्हा एका वर्षाची. वर्षाला दहा टक्के वाचवण्याचा नेम एका दुपारी वाहून गेला. त्यांनी पुढच्या विक्री रद्द केल्या आणि सगळा हिशेब लोकांपुढे ठेवला.

एवढी वीज लागते कुठे? ही नोंद त्या काळी मुख्यतः इथेरियम या साखळीवर, म्हणजे अशाच एका सामायिक खतावणीत, होत असे. तिथे खतावणीचं पुढचं पान लिहिण्याचा मान मिळवण्यासाठी जगभरातली यंत्रं एकच कोडं सोडवत बसत. कोड्याला युक्ती नाही. आकडे टाकत राहायचे, ज्याचा आधी बसेल त्याला बक्षीस. बाकी सगळ्यांनी जाळलेली वीज वाया. ही उधळपट्टी चुकून झालेली नव्हती. खोटी नोंद करणं परवडू नये एवढा खर्च प्रत्येक पानाला यावा, हीच या व्यवस्थेची सुरक्षा होती.

तुर्की कलावंत आणि संगणकतज्ज्ञ मेमो आक्तेन यांनी डिसेंबर २०२० मध्येच सुमारे १८,००० एनएफटींच्या व्यवहारांचा हिशेब मांडून दाखवला होता. एका चित्रामागे सरासरी ३४० युनिट वीज आणि २११ किलो कार्बन डायऑक्साइड. महावितरणच्या बिलावर ३४० युनिट म्हणजे घर तिसऱ्या टप्प्यात जातं, आणि इथे तर एकट्या चित्राने. त्यांनी एक संकेतस्थळही केलं. कोणत्याही चित्राचा भार तिथे पाहता येई. आक्षेप लगेच आले, आणि त्यांत तथ्य होतं. साखळीची पानं ठरल्या वेळी लिहिली जाणारच, त्यात तुमचं चित्र असो वा नसो. मग साऱ्या यंत्रणेची वीज एकेका चित्रावर वाटून टाकणं कितपत रास्त? बस तशीही सुटणारच होती, मग मी चढलो तर डिझेल माझ्या नावावर का? आक्तेन यांचं उत्तर थोडक्यात असं की गर्दी वाढली की बसगाड्या वाढतात. मला ते पटतं, पण आक्षेप पूर्ण पुसला जात नाही.

पुढे जे झालं ते त्यांनी अपेक्षिलं नव्हतं. लोक त्या संकेतस्थळावर जाऊन एखाद्या होतकरू चित्रकाराचा आकडा शोधत आणि सगळ्यांसमोर त्याच्यावर तुटून पडत. ज्यांनी साखळी बनवली, ज्यांनी बाजार मांडला, ते बाजूलाच राहिले. मार्च २०२१ मध्ये आक्तेन यांनी संकेतस्थळ बंद केलं. स्वतः बनवलेला काटा लोकांना मारायला वापरला जातोय हे दिसताच तो उचलून ठेवणं, ही मला त्या सबंध प्रकरणातली सर्वांत जबाबदार कृती वाटते.

त्यानंतर बरेच चित्रकार कमी वीज लागणाऱ्या टेझोस या साखळीकडे वळले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमनेही कोड्यांची शर्यत सोडली. आता पान लिहिण्याचा मान तारण ठेवलेल्या रकमेवरून ठरतो, आणि विजेचा वापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी घटला. हा बदल कलावंतांच्या ओरड्याने झाला असं म्हणणं खोटं ठरेल. त्याची आखणी कित्येक वर्षं आधीपासून चालू होती. पण हा उपसा अटळ आहे, असं जे छातीठोकपणे सांगितलं जात होतं, ते अटळ नव्हतं हे त्या दिवशी सिद्ध झालं.

आता तीच अटळपणाची भाषा कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल ऐकू येते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांवर जाईल; म्हणजे आज अख्खा जपान वापरतो त्याहून जास्त. केट क्रॉफर्ड आणि व्लादान जोलर यांनी २०१८ सालीच भिंतभर आकाराचा एक नकाशा काढला होता. ॲमेझॉनच्या बोलक्या स्पीकरला कुणी एक आज्ञा दिली की त्यामागे काय काय हलतं, त्याचा हा नकाशा. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागरातलं लिथियम, धातू वितळवणाऱ्या भट्ट्या, जहाजं, केबली, चित्रांना नावं देत बसलेले मजूर आणि शेवटी कचऱ्याचा डोंगर. त्यातली एक तुलना मनातून जात नाही: काँगोच्या खाणीत राबणाऱ्या मुलाला ॲमेझॉनच्या संस्थापकाच्या एका दिवसाच्या कमाईएवढं मिळवायला सात लाखांहून अधिक वर्षं अखंड काम करावं लागेल. हा नकाशा आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

वजन दाखवून झालं, मग पुढे काय? हलकं काही बांधून दाखवणारे लोक थोडे आहेत, पण आहेत. क्रिस डी डेकर हे लेखक बार्सिलोनात राहतात आणि ‘लो-टेक मॅगझिन’ नावाचं नियतकालिक चालवतात. २०१८ साली त्यांनी दोन डिझायनरांसोबत त्याचं संकेतस्थळ स्वतःच्या बाल्कनीतल्या सौर पॅनेलवर आणलं. पॅनेल ५० वॉटचं, सोबत एक बॅटरी, आणि हातात मावेल असा छोटा संगणक, जो एक ते अडीच वॉटवर चालतो. आपल्याकडच्या साध्या एलईडी बल्बहूनही कमी. एवढ्यात भागवायचं तर पानंही तशीच हवीत. छायाचित्रं बारीक ठिपक्यांत उतरवली आहेत. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत ठशांवरून छापलेली छायाचित्रं जशी दिसायची, ज्यात जवळून पाहिलं तर नुसते ठिपके आणि लांबून पाहिलं तर पुढाऱ्याचा चेहरा, तशीच. फाइलचा आकार त्यामुळे दसपटीने उतरतो. पाळत नाही, जाहिरात नाही, वाचकाच्या यंत्रात न विचारता काही उतरत नाही.

आणि सलग काही दिवस आभाळ भरलेलं राहिलं की संकेतस्थळ बंद पडतं. ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. वर्षातले शेवटचे थोडे दिवसही चालू ठेवायचं म्हटलं तर बॅटरी कितीतरी मोठी लागते, आणि मोठी बॅटरी म्हणजे पुन्हा खाण आणि पुन्हा गाळाचं तळं. पुढे २०२० साली त्यांनी स्वतःच्याच व्यवस्थेचा ताळेबंद छापला. पॅनेल आणि बॅटरी बनवतानाच सर्वांत जास्त ऊर्जा लागली होती, हेही त्यांनी झाकलं नाही.

टेगा ब्रेन, ॲलेक्स नॅथनसन आणि बेनेडेट्टा पियांतेल्ला यांनी २०२१ मध्ये हीच कल्पना जगभर पसरवली. ‘सोलर प्रोटोकॉल’ म्हणजे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या वेळांच्या पट्ट्यांत स्वयंसेवकांनी सांभाळलेले असे छोटे सौर संगणक. प्रत्येक जण आपल्या बॅटरीची आणि उन्हाची खबर इतरांना देत राहतो. तुम्ही पान मागितलं की ते जवळच्या किंवा सर्वांत वेगवान यंत्राकडून येत नाही. त्या घटकेला ज्याच्या छपरावर सर्वांत जास्त ऊन आहे, त्याच्याकडून येतं. पृथ्वी फिरते तसं ते संकेतस्थळ पृथ्वीवर सरकत राहतं. टेगा ब्रेन यांच्या बोलण्यात कृत्रिम बुद्धीच्या जोडीला सूर्याची ही नैसर्गिक बुद्धी येते. निर्णय कुणी घ्यायचा हे तिथे हवामान ठरवतं.

बार्सिलोनाचं ते बाल्कनीवरचं पान मी अधूनमधून सकाळी नऊच्या सुमाराला उघडतो. तिथे तेव्हा अजून उजाडलेलं नसतं, बॅटरी रात्रभर उतरत आलेली असते. पानाची पार्श्वभूमी हेच तिचं मापक आहे: पिवळा रंग जिथवर चढलेला दिसतो, तिथवर वीज शिल्लक. त्या वेळी पिवळी रेघ खाली आलेली असते. शेजारी पुढच्या तीन दिवसांचा हवामानाचा अंदाज असतो, आणि त्यात ढगाचं चित्र दिसलं की अर्धा राहिलेला लेख मी आजच वाचून संपवतो.